अंगठ्याच्या मापाचे शर्ट

हे बघ, मी तुझ्यावर लिहायला बसले आहे. विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, "माझ्यावर काय लिहायचंय? मी मेले की निवडून आले?" म्हणून विचारत नाही, नुसतं कळवते. यात तुझी चूकही येणार आहे. ती गाळायला सांगू नकोस. गाळली तर उरतं काय? चौदा बायकांनी चारशे शर्ट शिवले, एवढंच. तसे शर्ट जगात रोज कुठं ना कुठं शिवले जातातच, त्यासाठी मी या वयात मानेला पट्टा लावून टेबलाशी बसणार नाही. तू रागावशील, दोन दिवस फोन उचलणार नाहीस आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच करून विचारशील, "काय बाई, आहात ना अजून?" तर तो राग आत्ताच करून मोकळी हो.

इथून पुढं तुला 'ती' म्हणते. समोर बसवून कोणाची गोष्ट सांगता येत नाही. तुझी तर मुळीच नाही, तू मधे तोंड घालतेस.

तिला सगळे फूटपट्टी म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, ते तिथंच राहिलं. एकोणिसाव्या वर्षी ती शर्टांच्या कारखान्यात लागली ती धागे कापायला, म्हणजे शिवून झालेल्या शर्टाचे लोंबते धागे कातरायला. त्या शेडमध्ये त्याहून खालचं काम फक्त झाडू मारण्याचं. दोन वर्षांत ती मशीनवर बसली. सहा वर्षांत बाजूच्या शिवणीत तिचा हात धरणारं कोणी उरलं नाही, आणि तिशी उलटायच्या आत ती लाइनबाई झाली, पस्तीस मशीनांच्या रांगेवर देखरेख करणारी. अ‍ॅप्रनच्या खिशात सहा इंची पोलादी पट्टी असायची. कॉलरचं टोक, खिशाची कड, दोन काजांमधलं अंतर, जे दिसेल त्याला ती पट्टी लावायची. एका नव्या मुलीनं रडकुंडीला येऊन विचारलं होतं, "ताई, दोन मिलिमीटरनं कोणाचं काय बिघडतं?" त्यावर ती म्हणाली होती, "तुझं नाक दोन मिलिमीटर बाजूला सरकवून बघू या का?" ती मुलगी पुढं उत्तम कॉलर शिवायला लागली आणि फूटपट्टीची नणंद होती, म्हणून तो टोमणा घरीही तीस वर्षं पुरला.

मी त्याच कंपनीत वरच्या मजल्यावर पत्रं लिहायला होते. माझा या गोष्टीतला भाग तेवढाच.

मग एका वर्षी मालकांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि स्टुलावर उभं राहून सांगितलं, की शर्ट आता बाहेरच्या देशात शिवले जातील, तिकडं निम्म्यात पडतं. माणूस वाईट नव्हता, बोलताना घामाघूम झाला होता. पण घाम आला म्हणून कोणाची नोकरी राहत नाही. कापायची खोली, गोदाम आणि कार्यालय राहिलं. शिवणाची शेड रिकामी झाली. चांगली मशीनं विकली गेली. बारा जुनी भंगारवाल्यानंही नाकारली, ती ताडपत्रीखाली झाकून ठेवली. दीडशे बायका फाटकातून बाहेर पडल्या त्या जिकडं वाट फुटेल तिकडं गेल्या. नणंद इस्पितळाच्या लाँड्रीत लागली. काजं शिवणारी, जिला सगळे काजवालीच म्हणत, बेकरीच्या काउंटरवर उभी राहिली. फूटपट्टीनं घराच्या पुढच्या खोलीत मशीन मांडलं.

घरगुती शिवणाची रीत निराळी असते, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. शाळकरी पोर वर्षात दोन बोटं वाढतं, नवरा लग्नानंतर चार. दर वेळी नवा कपडा कोण शिवणार? म्हणून शिवणीच्या आत जास्तीचं कापड राखून ठेवायचं, पुढंमागं उसवून कपडा सैल करता येतो. शिंपी त्याला माया ठेवणं म्हणतात. किती ठेवायची ते कोणी मोजत नाही. अंगठा आडवा टेकवायचा, अंगठ्याच्या रुंदीएवढी. कारखान्यात असला लाड नाही. तिथं कापडाच्या कडेपासून एक सेंटीमीटर आत शिवण, म्हणजे एकच. पण कारखाना सुटून सोळा वर्षं झाली होती, आणि सोळा वर्षं ती अंगठा टेकवत होती.

कंपनीचे शर्ट तिच्याकडं येतच राहिले, पण गिऱ्हाइकांच्या हातून, दुरुस्तीला. कोणाची बाही लांब, कोणाचं बटण सुटलेलं. ती प्रत्येक शर्ट आतून उलटा करून बघायची आणि नाक मुरडायची. एकदा आठवड्यात तीन शर्ट आले, तिन्हींचं वरून तिसरं काज उसवलेलं. मी तोवर निवृत्त होऊन घरी बसले होते, ती तडक माझ्याकडं आली.

"बाई, कंपनीला पत्र लिहा."

"काय लिहू?"

"लिहा, की तुमच्या शर्टाचं तिसरं काज उसवतंय. तिकडच्यांना सांगा. नाहीतर आम्हाला सांगा."

मी तेवढंच लिहिलं. एक शब्द वाढवायची गरज नव्हती. उत्तर आलं, की आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. चार वर्षांत आम्ही अकरा पत्रं धाडली. कॉलरच्या आतलं अस्तर सुटतंय, खिसा एका बाजूला झुकलाय, बटणाला चारऐवजी दोनच टाके आहेत, आणि शेवटी प्रत्येक वेळी तेच, नाहीतर आम्हाला सांगा. अकरा वेळा नोंद घेतली गेली. काजवाली म्हणायची, "ताई, तुझ्या पत्रांची त्यांनी एव्हाना उशी केली असेल." ती म्हणायची, "करू दे. डोकं टेकवतील तेव्हा टोचेल."

आणि एका सकाळी पुढच्या खोलीच्या दारात चाळिशीची एक बाई येऊन उभी राहिली. हातात पिशवी, पिशवीत शर्ट. फूटपट्टी मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "लांबी कमी करायची असेल तर शुक्रवारी मिळेल."

"लांबी ठीक आहे. तिसरं काज उसवलंय. तुम्हीच कळवलं होतं."

ही मालकांची मुलगी. म्हातारे मालक आता घरीच असत, कारभार हिच्या हातात आला होता. हिची अडचण काजांची नव्हती, जहाजांची होती. उन्हाळ्यात विकायचे शर्ट उन्हाळा सरल्यावर बंदरात पोचले, ते तसेच गोदामात पडून होते. रिकाम्या स्टुलावर बसून तिनं विचारलं, "तिकडं वाईट शिवतात, असंच तुमचं म्हणणं आहे ना?"

"नाही हो. तिकडच्या बायका काय वेंधळ्या आहेत? त्यांच्याही डोक्यावर कोणीतरी घड्याळ घेऊन उभा असणार. माझं म्हणणं एवढंच, की इथं काज चुकलं तर जेवायच्या सुट्टीपर्यंत कळतं. तिकडं चुकलं तर चार महिन्यांनी कळतं, तेही गिऱ्हाइकाच्या पोटावर."

"इथं महाग पडेल."

"पडेल. पण जे शर्ट विकलेच जात नाहीत ते स्वस्तात शिवले काय नि महागात शिवले काय."

मालकीणबाईनं पिशवीतून शर्ट काढून ते काज एकदा बघितलं. मग म्हणाली, "चारशे देते. अर्ध्या बाह्यांचे. कापड आमच्याकडून कापून, गठ्ठे बांधून येईल, तुम्ही फक्त शिवायचं. तीन आठवडे. माझ्या तपासनिसानं पास केले तर शेड उघडू, तीस मशीनं घालू. नापास झाले तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही. आणि तुम्हीही पत्रं लिहायची नाहीत."

"मी लिहीत नाही, आमच्या बाई लिहितात," ती म्हणाली. "पण त्यांना सांगते."

नमुन्याचा एक शर्ट तिनं त्याच आठवड्यात घरी शिवून पाठवला. शेजारी पट्टी ठेवून, एकेक टाका मोजून. तो पहिल्या झटक्यात मंजूर झाला.

मग तिनं माणसं गोळा केली. बारा मशीनांना तेल पाजलं, पट्टे बदलले. चौदा बायका आल्या, सगळ्यांत धाकटी पंचेचाळीसची. आल्या म्हणजे हातातलं सोडून आल्या, हे लक्षात घ्या. बेकरीवाल्यानं काजवालीच्या जागी दुसरी घेतली. लाँड्रीतल्या मुकादमानं नणंदेला तीन आठवड्यांची रजा दिली आणि बजावलं, की एकविसाव्या दिवशी काय ते सांग, बाविसाव्या दिवशी जागा दुसऱ्याची. नणंद पहिल्या दिवशी शेडमध्ये शिरताच म्हणाली, "वहिनी, हे फसलं तर मी तुझ्याच घरी जेवायला बसेन. रोज. आणि नावं ठेवून जेवेन."

"आत्ता काय वेगळं करतेस?" फूटपट्टी म्हणाली.

कामाची वाटणी झाली. बाजूची शिवण, म्हणजे काखेपासून खालपर्यंत पुढचा नि मागचा भाग जोडणारी, चार मशीनांवर. कापडाची कड कुठं धरायची ते कळावं म्हणून मशीनच्या पत्र्यावर सुईच्या उजव्या हाताला रंगीत चिकटपट्टी लावतात. कड त्या पट्टीला टेकवत नेली की शिवण आपोआप ठरलेल्या अंतरावर पडते. त्या चार पट्ट्या तिनं स्वतः लावल्या. वाकली, सुईशेजारी अंगठा आडवा टेकवला, पट्टी चिकटवली, पुढच्या मशीनकडं गेली. चार मशीनं, दोन मिनिटं.

वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. तिच्या आलं नाही.

दोन आठवडे शेड गुणगुणत होती. ती रांगेतून फिरायची आणि खिशातली पट्टी काढून सगळ्यांना छळायची. नणंदेच्या कॉलरचं टोक मोजलं, काजवालीचं प्रत्येक काज मोजलं, खिसा लावणारीला तीन वेळा उसवायला लावलं. बाजूची शिवण मात्र तिनं एकदाही मोजली नाही. ती नजरेनं बघायची, सरळ आहे, टाका एकसारखा आहे, पुढं. तो तिचा स्वतःचा प्रांत, तिथं कसली आली पट्टी? दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, तशातली गत.

तिसऱ्या आठवड्यात बुधवारी तिचा नवरा डबा घेऊन आला. निवृत्त ट्रकचालक, अंगानं भरदार, स्वभावानं गरीब. तीनशे दहा शर्ट शिवून झाले होते, घड्या घालून टेबलावर रचलेले. पास-नापास शुक्रवारी दुपारी तीनला ठरायचं होतं. बायका जेवायला बसल्या होत्या, तिची कळी खुलली होती. एरवी असलं काही तिला सुचत नाही.

"अहो, जरा यातला एक घालून दाखवा. आपण काय शिवलंय ते यांना अंगावर बघू दे."

"मी? सगळ्यांसमोर?"

"बनियन आहे ना आत?"

काजवाली म्हणाली, "घाला हो ड्रायव्हरसाहेब, आम्ही डोळे मिटतो." एकीनंही मिटले नाहीत.

त्यानं अंगातला काढला, ढिगातला बेचाळीस नंबरचा चढवला. फिकट निळा, छान दिसत होता. वरची दोन बटणं लागली. तिसरं लागलं ते श्वास धरून. चौथ्यापाशी गाडी अडली.

"पोट आत घ्या."

"आतच आहे."

नणंद म्हणाली, "दादा, वहिनीचा स्वयंपाक मानवला म्हणायचा."

"अगं, वीस वर्षं मी बेचाळीसच घालतोय," तो काकुळतीला येऊन म्हणाला तशा सगळ्या फिदीफिदी हसल्या. त्यानं काढून ठेवलेला शर्ट वर धरला. "हा बघा, कंपनीचाच. बेचाळीस. आत्ता आत्तापर्यंत अंगात होता. पोट तेच आहे. शर्ट लहान आहे."

त्यावर तर हसण्याला ऊत आला. ती मात्र हसली नाही. ती म्हणाली, "काढा."

शर्ट टेबलावर पसरून तिनं मोजपट्टी लावली. बेचाळीसची छाती बटणं लावून सगळ्या बाजूंनी मोजली की एकशे अठरा सेंटीमीटर भरायला हवी. भरली एकशे चौदा. तिनं दुसरा घेतला. एकशे चौदा. ढिगाच्या तळातला ओढून काढला. एकशे चौदा. हसू एकेकीच्या तोंडावरून उतरत गेलं. ती चालत पहिल्या मशीनपाशी गेली, खिशातली पोलादी पट्टी काढली आणि सुईपासून चिकटपट्टीपर्यंतचं अंतर मोजलं. दोन सेंटीमीटर. बाकीच्या तीनही मशीनांवर दोन. प्रत्येक शिवणीत पुढच्या भागाचा एक सेंटीमीटर जास्त गेला होता, मागच्याचा एक जास्त, आणि शिवणी दोन. चार सेंटीमीटर, म्हणजे बरोबर एक नंबर.

ती तिथंच कापडाच्या गठ्ठ्यावर बसली आणि आपला उजवा अंगठा बघत राहिली, जसं काही तो दुसऱ्या कोणाचा होता.

"पट्ट्या कोणी लावल्या?" काजवालीनं विचारलं.

"मी."

"तू?" नणंद म्हणाली. "आम्हाला दोन मिलिमीटरसाठी रडवणारी तू?"

"मीच. घरच्या सवयीनं. अंगठ्यानं."

नणंद बोलायला तोंड उघडून राहिली आणि तिनं ते मिटलं, यावरून प्रसंगाची कल्पना यावी. मग तीच म्हणाली, "वहिनी, एक सुचतंय. लेबलं बदलायची. बेचाळीसचं काढून चाळीसचं लावायचं, चाळीसला अडतीसचं. सगळेच एक नंबरनं लहान झालेत ना? मग नंबरच लहान करायचा. दोन तासांचं काम."

क्षणभर सगळ्यांना ते पटलं. तिलाही पटलं, हे तिनं मला नंतर सांगितलं. मग ती म्हणाली, "गळा बेचाळीसचा आहे. खांदा बेचाळीसचा आहे. पोट चाळीसचं. असा माणूस कुठं असतो?"

"आमच्या शाळेचे हेडमास्तर होते," काजवाली म्हणाली.

"ते चारशे शर्ट घेणार आहेत का?"

लेबलांचा विषय तिथंच संपला. तिनं फोन उचलला आणि मालकीणबाईला लावला. नवरा खुणा करत होता, नको, आधी दुरुस्त तर कर. तिनं पाठ फिरवली.

"मॅडम, तीनशे दहा शर्ट एका नंबरनं लहान झालेत. चूक माझी. खुणेच्या पट्ट्या मी चुकीच्या लावल्या. कापड आत शिल्लक आहे, उसवून पुन्हा शिवतोय."

मालकीणबाईनं आकडा दोनदा विचारून घेतला. मग, "मला का सांगताय? तपासनीस दहा-बारा शर्ट मोजतो. तुम्ही वरच्या थराला नीट केलेले ठेवले असते."

"तो दहा-बाराच मोजेल हो. बाकीचे लोक घालतील."

"आम्ही शुक्रवारी तीनला येणार होतो," मालकीणबाई म्हणाली. "तीनलाच येऊ. तेव्हा जे दिसेल ते बघू." आणि फोन बंद. त्या बोलण्याचा अर्थ बरा की वाईट, यावर चौदा बायकांची चौदा मतं पडली.

सुदैव एका गोष्टीत. कारखान्यातलं मोठं मशीन शिवता शिवता कडेचं जास्तीचं कापड कापत जातं. त्यानं शिवले असते तर लहान ते लहानच. या बारा जुनाट मशीनांना तेवढी अक्कल नव्हती. बायकांनी घरच्यासारखी आधी कापडाची कड धागे सुटू नयेत म्हणून दोऱ्यानं गुंफून, म्हणजे ओव्हरलॉक करून, मग शिवण घातली होती. चुकीचा सेंटीमीटर आत शाबूत होता.

बुधवारी दुपारी सगळ्यांनी टोकदार कातऱ्या घेतल्या. खालची दुमड चार बोटं उसवायची, बाहीची दुमड उसवायची, मग काखेतून खालपर्यंत शिवण मोकळी करायची, पण कापडाला ओरखडा नाही. ड्रायव्हरला तुटके धागे वेचायला बसवलं. त्यानं चष्मा लावला आणि ट्रकचं चाक बदलावं इतक्या गंभीरपणे एकेक धागा ओढून काढला. तिनं चारही जुन्या पट्ट्या खरवडून काढल्या आणि नव्या लावल्या. या वेळी पोलादी पट्टी पत्र्यावर ठेवून, आणि प्रत्येक मशीनपाशी एकेका बाईला बोलावून, "बघ. किती आहे? मोठ्यानं सांग." चार आवाज आले, एक, एक, एक, एक. काजवाली म्हणाली, "आता हिला अंगठाबाई म्हणायचं." ती म्हणाली, "म्हणा. हक्कानं म्हणा."

संध्याकाळी पाचला दुसरंच संकट पुढं आलं. पहिला दुरुस्त शर्ट इस्त्री करून खिडकीशी धरला तर जुन्या शिवणीची भोकं दिसत होती. नव्या शिवणीच्या बाहेर, सेंटीमीटरभर अंतरावर, काखेपासून खालपर्यंत सुईच्या टिंबांची रांग, मुंग्या चालल्यासारखी. नणंद म्हणाली, "झालं. आगीतून फुफाट्यात." फूटपट्टीनं ओलं फडकं मागवलं. कापड ओलसर केलं, भोकांच्या रांगेवरून नख आडवं-उभं फिरवलं, मग वाफेची इस्त्री. सुती कापडाचे धागे पाणी पिऊन फुगतात आणि भोक मिटतं, निदान मिटायला हवं. ओलसर होते म्हणून तेव्हा काहीच कळेना. सहा शर्ट दोरीवर टांगून सगळ्या घरी गेल्या.

गुरुवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली. शर्ट खिडकीशी नेला. काही दिसत नव्हतं. पण भोकं नाहीत म्हणून दिसत नाही की डोळे अधू म्हणून, हे तिला ठरवता येईना. नणंद आली, तिला दाखवला.

"मला काही दिसत नाही. पण मला जवळचं दिसतच नाही."

नवऱ्याला दाखवला. तो म्हणाला, "कुठं बघायचं?"

"तेच तर विचारतेय मी, कुठं आहेत?"

"काय कुठं आहेत?"

तिनं त्याला मिठी मारायची तेवढी बाकी ठेवली. मग दिवसभर ओलं फडकं, नख, इस्त्री, ओलं फडकं, नख, इस्त्री. काजवालीच्या नखांची कोर झिजली. शुक्रवारी साडेबाराला चारशेवा शर्ट घडी होऊन टेबलावर आला, आणि त्यांनी हात धुऊन जेवायला बसायचं ठरवलं, पण डबा एकीनंही उघडला नाही.

तीनला मालकीणबाई आली. बरोबर तपासनीस, गळ्यात मोजपट्टी, तोंडाला कुलूप. त्यानं वरच्या थरातले शर्ट घेतले नाहीत, मधले आणि तळातले ओढले, बारा. छाती मोजली. एकशे अठरा. एकशे अठरा. एकशे साडेसतरा, तिथं थांबला, पुन्हा मोजली, वहीत काही लिहिलं. कॉलर, काज, खिसा. मग एक शर्ट घेऊन खिडकीशी गेला, उजेडावर धरला, बाजूच्या शिवणीशेजारून बोट खालपर्यंत फिरवलं आणि थांबला.

"इथं काही उसवलं होतं?"

मालकीणबाईनं फूटपट्टीकडं बघितलं. फूटपट्टी म्हणाली, "हो. तिथंच."

"दिसत नाही," तपासनीस म्हणाला. "हाताला लागतंय."

"एका धुण्यापर्यंत लागेल."

त्यानं पुन्हा बोट फिरवलं. मग शर्ट घडी घालून ठेवला, व्यवस्थित घातला, हे तिनं टिपलं. वही मिटून तो मालकीणबाईला म्हणाला, "दोन शर्टांवर तेलाचे डाग आहेत. ते बाजूला काढा. बाकी पास."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काजवाली उठून बाहेर नळावर गेली आणि बराच वेळ तोंड धूत राहिली. नणंदेनं सगळ्यांदेखत विचारलं, "पास म्हणजे, नक्की पास ना? मी लाँड्रीत फोन करून सांगू ना, की येत नाही म्हणून?"

"सांगा," मालकीणबाई म्हणाली.

"एकदा लेखी दिलंत तर बरं पडेल," नणंद म्हणाली, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा फूटपट्टी खदखदून हसली. नवऱ्यानं स्टूल पुढं सरकवलं, तेव्हा कुठं ती बसली.

जाता जाता मालकीणबाई तिच्यापाशी थांबली. "इतक्या वर्षांत तिकडून मला कोणी फोन करून सांगितलं नाही, की आमचं चुकलंय."

"त्यांना तुमचा नंबर कोणी दिला असेल?" ती म्हणाली.

शेड उघडली. आज तिथं तीस मशीनं आहेत, पुढच्या हंगामात पंचेचाळीस होतील असं बोलतात. सगळा माल काही परत आलेला नाही, कोट आणि जाड कपडे अजून जहाजानंच येतात, उगीच फुशारकी मारण्यात अर्थ नाही. पण शर्ट इथं शिवले जातात, आणि काज चुकलं तर जेवायच्या सुट्टीपर्यंत कळतं. तिला पुन्हा लाइनबाई केलं आहे. नव्या मुली तिच्यामागं तिला अंगठाबाई म्हणतात आणि तिला ते ठाऊक आहे.

आता पुन्हा तुझ्याशी बोलते. त्या शुक्रवारी निकाल ऐकायला मी शेडवर आले होते. टेम्पो शर्ट घेऊन गेला आणि तू शेडच्या पायरीवर माझ्याशेजारी टेकलीस. म्हणालीस, "बाई, एकदा बाजारपेठेतल्या त्या मोठ्या दुकानात जायचं. आपण दोघीच. ओळख द्यायची नाही. तुम्ही विक्रेत्याला बोलण्यात गुंतवा, तुम्हाला ते जमतं, आणि मी आपला शर्ट टांगलेला असेल तो हळूच उलटा करून बघते." मी म्हटलं, मंगळवारी जाऊ. मंगळवारी तुझे नवे गठ्ठे आले. पुढच्या आठवड्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. त्याच्या पुढच्या आठवड्यात तू दहा नव्या मुली शिकवायला घेतल्यास आणि रविवार झोपून काढलास. महिन्याभरानं मी कंटाळून दुकानात फोन केला आणि विचारलं, फिकट निळा, अर्ध्या बाह्यांचा, बेचाळीस आहे का? म्हणाले, संपले. पुढचे कधी येणार? तर म्हणाले, ते कारखान्यावर आहे, तिथल्या बाई मोजून सोडतील तेव्हा. मी बरं म्हणून फोन ठेवला. आपलं दुकानात जाणं राहिलं ते राहिलंच.